पदपथाचा धनी कोण?

पदपथावरची फरशी निखळली, तर ती पुन्हा कोणी बसवायची? प्रश्न किरकोळ वाटतो. पण शहरे आपल्या पदपथांची निगा कशी राखतात याचा आढावा घेऊ लागले, की साहित्य, तंत्र आणि निधी या साऱ्यांच्या आधी हाच प्रश्न आडवा येतो. त्याची ढोबळमानाने तीन उत्तरे आढळतात. अमेरिकेतल्या बहुसंख्य शहरांत ज्याच्या मालमत्तेसमोर ती फरशी आहे, त्याने ती स्वखर्चाने बसवायची असते. ब्रिटनमध्ये ते काम रस्त्याचा ताबा असलेल्या स्थानिक संस्थेचे. तिने कुचराई केली आणि कोणी पडले, तर भरपाईही तिच्याच माथी. भारतात काम महापालिकेचे. पण ते झाले नाही तर पुढे काय, याविषयी आपला कायदा आताआतापर्यंत मोघमच राहिला. या मोघमपणाची किंमत मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे जवळपास दर पाचांत एक. हे सगळे मृत्यू फुटक्या पदपथांमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण पदपथ चालण्याजोगा नसला की माणूस वाहनांच्या रस्त्यावर उतरतो, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. निरनिराळ्या शहरांचे अनुभव शेजारी ठेवले, तर त्यांतून एक निष्कर्ष निघतो. पदपथ हे एकदा बांधून हातावेगळे करायचे काम नसून पाणीपुरवठ्यासारखी अखंड चालवायची सेवा आहे. आणि तिला एक धनी, एक नोंदवही आणि दरवर्षी ठरलेला पैसा मिळाल्याशिवाय साहित्य कितीही भारी वापरले तरी ती टिकत नाही.

‘ज्याचे दार त्याची फरसबंदी’ ही व्यवस्था सर्वांत जुनी आणि वरकरणी सर्वांत न्याय्य. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनमध्ये तीच होती. प्रत्येक घरमालक आपल्या दारापुढचा तुकडा आपल्या ऐपतीप्रमाणे आणि मर्जीप्रमाणे राखी. त्यामुळे एका दारापुढे नीट बसवलेले दगड, पुढच्या दारापुढे खाचखळगे, आणि दोन तुकड्यांची पातळी जुळेल याची खात्री नाही. १७६२ मध्ये वेस्टमिन्स्टर फरसबंदी कायद्याने हे काम घरमालकांच्या हातून काढून आयुक्तांच्या मंडळाकडे सोपवले आणि खर्चासाठी सामायिक निधीची सोय केली. लंडनचे सलग, सपाट फरसबंद रस्ते आकाराला आले ते यानंतर. या जुन्या दाखल्यातले तर्कशास्त्र आजही बदललेले नाही. दारापुढच्या पदपथाचा उपयोग घरमालकापेक्षा अनोळखी येणाऱ्याजाणाऱ्यांनाच अधिक होतो. खर्च एकाचा आणि लाभ सगळ्यांचा, अशा कामात माणूस हात आखडता घेतो. शिवाय पदपथाचे मोल त्याच्या सलगपणात आहे. चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला नव्व्याण्णव घरांसमोरचा पदपथ उत्तम असून भागत नाही. शंभराव्या घरापुढे खड्डा असेल तर त्याला रस्त्यावर उतरावेच लागते. तुकड्यातुकड्यांनी वाटलेली जबाबदारी हा सलगपणा कधीच राखू शकत नाही.

लॉस एंजलिसची गोष्ट हेच मोठ्या पटावर दाखवते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार पदपथाची दुरुस्ती लगतच्या मालकाची. पण या शहरात पदपथ उखडतात ते मुख्यतः रस्त्याकडेच्या झाडांच्या मुळांनी, आणि ती झाडे शहराची. १९७०च्या दशकात केंद्र सरकारचा निधी हाती आला, तेव्हा मुळांनी झालेली मोडतोड आपण दुरुस्त करू असे शहराने मान्य केले. काही वर्षांत तो निधी आटला. जबाबदारी मात्र कागदावर शहराकडेच राहिली. मालक म्हणे शहराचे काम, शहर म्हणे पैसा नाही. दुरुस्त्या तुंबत गेल्या. अखेर अपंग रहिवासी न्यायालयात गेले. अपंगांच्या हक्कांविषयीचा अमेरिकेचा १९९०चा कायदा त्यांच्या बाजूने होता. पदपथ ही शहराने पुरवायची सेवा असून तिला तो कायदा लागू होतो, असे संघीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये सॅक्रामेंटो शहराच्या खटल्यात आधीच सांगून ठेवले होते. लॉस एंजलिसने २०१५ मध्ये तडजोड केली, ती ३० वर्षांत सुमारे १३७ कोटी डॉलर खर्चण्याची. तडजोडीनंतरही शहराने सूत्र काढले ते ‘दुरुस्त करू आणि सोडून देऊ’ असे: एकदा पदपथ नीट करायचा, घरांसमोर २० वर्षांची आणि दुकानांसमोर ५ वर्षांची हमी द्यायची, नंतर जबाबदारी पुन्हा मालकाची. इतकी मोठी रक्कम मोजूनही मूळ प्रश्न शहराने फक्त पुढच्या पिढीकडे ढकलला. तात्पुरत्या अनुदानाच्या जोरावर कायमची जबाबदारी घेतली की काय होते, याचा हा धडा आपल्याकडच्या वाचकांनीही ध्यानात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

न्यूयॉर्कने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. तिथे पदपथावर पडलेले लोक शहरावर दावे लावत आणि शहराला मोठ्या रकमा मोजाव्या लागत. त्यावर शहराने १९७९ मध्ये नियम केला, की एखाद्या दोषाची लेखी सूचना आधी मिळालेली असेल तरच शहर जबाबदार. हेतू दावे रोखण्याचा होता. पण वकिलांच्या संघटनेने १९८२ मध्ये एक संस्थाच स्थापन केली. तिची माणसे गल्लोगल्ली हिंडून भेगा, खड्डे, उंचवटे टिपत आणि त्यांचे खुणांनी भरलेले नकाशे शहराच्या वाहतूक खात्याला रीतसर सादर करत. आता प्रत्येक दोषाची लेखी सूचना दप्तरी होती. या प्रकाराकडे वकिलांची चलाखी म्हणून पाहता येईल, पण त्याला आणखी एक बाजू आहे. पदपथांची शहरभर पसरलेली तपशीलवार नोंद तयार झाली ती त्यांची निगा राखणाऱ्यांकडून नव्हे, तर निगा न राखल्याबद्दल भांडणाऱ्यांकडून. शहराने ती नोंद दुरुस्तीसाठी वापरण्याऐवजी २००३ मध्ये कायदाच बदलला आणि अपघाताची जबाबदारी लगतच्या मालकांवर टाकली. मालक स्वतः राहत असलेली एक ते तीन कुटुंबांची घरे तेवढी वगळली. व्यावसायिक मालमत्ता मजबूत असलेल्या भागांत याने दुरुस्त्या झटपट होऊ लागल्या असतील, हे मान्य करता येईल. तिथे मालकाकडे पैसा असतो, विमा असतो, दाव्याची भीती असते. पण जिथे मालक गरीब, गायब किंवा भाऊबंदकीत अडकलेला, तिथे हे सूत्र काय करणार? पदपथाचा दर्जा वस्तीच्या ऐपतीवर ठरणे हाच या व्यवस्थेचा अंगभूत दोष आहे.

मालकांवरची जबाबदारी न काढता ती कार्यक्षम करता येईल, असाही एक विचार आहे. लॉस एंजलिसमध्येच शिकवणारे नगरनियोजनाचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी सुचवले होते, की घर विकले जाईल तेव्हा त्यासमोरचा पदपथ नीट करणे सक्तीचे करावे. विक्रीच्या वेळी मालकाच्या हातात पैसा असतो, आणि घरे हस्तांतरित होत जातील तसतसे शहराचे पदपथ आपोआप सुधारतील. कल्पना हुशारीची आहे आणि वसुलीच्या अडचणीवर तिने काढलेला तोडगा खरोखर चांगला आहे. पण घरे विकली जातात तुरळक आणि विखरून. पदपथ मात्र सलग हवा. एका गल्लीत पाच वर्षांत चार घरे विकली गेली, तर चार तुकडे नवे आणि मधले तसेच, म्हणजे लंडनची १७६२ पूर्वीची स्थिती. म्हणूनच अलीकडे काही अमेरिकी शहरांनी उलटी वाट धरली. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका या छोट्या शहराने २०१४ पासून मालकांवरची दुरुस्तीची सक्ती काढून त्याऐवजी लहान घरांवर वर्षाला ७० डॉलरची पट्टी बसवली आणि काम शहराने हाती घेतले. कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर हे तर मोठे शहर. तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये असाच ठराव मंजूर केला. सुरुवातीला पट्टी घरासमोरच्या पदपथाच्या लांबीवर ठरणार होती. कोपऱ्यावरच्या घरांना ती भारी पडते अशी ओरड झाल्यावर बहुतेक घरांना वर्षाला सरसकट १५० डॉलर असा बदल झाला आणि २०२५ पासून वसुली सुरू झाली. मतदारांनी आपण होऊन पट्टी पत्करली, याचा अर्थ लावायला हवा. एकेका मालकाला अचानक येणाऱ्या हजारो डॉलरच्या बिलापेक्षा सर्वांनी मिळून दरसाल थोडे देणे परवडते, आणि काम एका हाताने झाले तर ते सलग होते, एवढे त्यांना पटले.

पण काम सार्वजनिक संस्थेकडे दिले की झाले, असेही नाही. संस्थेला ते करायला लावणारे काहीतरी लागते. इंग्लंडमध्ये पूर्वी नियम असा होता, की रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेने चुकीची दुरुस्ती करून कोणाला इजा केली तर ती जबाबदार, पण दुरुस्ती केलीच नाही तर जबाबदार नाही. म्हणजे काही न करणारा सुरक्षित आणि हात घालणारा गोत्यात. १९६१च्या कायद्याने हे संरक्षण काढून घेतले आणि १९६४ पासून ते अमलात आले. आजचा १९८०चा महामार्ग कायदा तोच धागा पुढे नेतो. त्याचे ४१वे कलम देखभालीचे कर्तव्य लादते, आणि ५८वे कलम संस्थेला बचाव देते: परिस्थितीनुसार वाजवी काळजी घेतली होती हे सिद्ध केले तर ती सुटते. या दोन कलमांच्या जोडीतच खरी मेख आहे. वाजवी काळजी सिद्ध करायची तर ठरलेल्या वेळी तपासणी झाली होती, दोष नोंदवला गेला होता, त्याची दखल घेतली होती, हे दप्तराने दाखवावे लागते. त्यामुळे गजबजलेल्या बाजारपेठांत महिन्यातून एकदा आणि शांत गल्ल्यांत वर्षातून एकदा पायी तपासणी, अशा वेळापत्रकांची पद्धत रुळली. अलीकडे जोखमीनुसार तपासणी ठरवण्याकडे कल आहे. यातही खोट आहेच. दोन फरशांच्या पातळीत साधारण २० ते २५ मिलिमीटरचा फरक पडला तरच तो दुरुस्तीयोग्य, असे निकष संस्था लावतात, आणि हात आखडलेल्या काळात मोजपट्टीला बसेल तेवढेच बुजवायचे अशी वृत्ती बळावते. तरीही दोष मोजला जातो, तारखेसह नोंदवला जातो आणि कोणाच्या तरी नावावर चढतो, एवढे तरी निश्चित घडते.

भारताकडे वळले की दिसते, की कायद्यात कर्तव्याची उणीव नाही. मुंबईचा १८८८चा अधिनियम असो की इतर महापालिकांना लागू असलेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, सार्वजनिक रस्ते बांधणे आणि सुस्थितीत ठेवणे ही महापालिकेची बंधनकारक कामे आहेत. म्हणजे लंडनने १७६२ मध्ये आणि डेन्व्हरने २०२२ मध्ये जे ठरवले, ते आपल्याकडे पहिल्यापासून ठरलेले आहे. उणीव आहे ती कर्तव्य चुकल्यावर जाब विचारण्याच्या सोयीची. राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड कोसळून एक पादचारी दगावला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महापालिकेला नुकसानभरपाईच्या दायित्वातून मोकळे केले. अशा बाबतीत महापालिकांवर सरसकट भार टाकू नये, हा त्यामागचा विचार. निधीची चणचण असलेल्या संस्थांबद्दलची ही सहानुभूती समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम इंग्लंडच्या १९६१ पूर्वीच्या नियमासारखाच झाला. अलीकडे वारे बदलले आहे. चांगले रस्ते मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटले होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क घटनेच्या २१व्या अनुच्छेदाखाली आणला आणि अपंगांना वापरता येतील असे, अतिक्रमणमुक्त पदपथ राखण्यासाठी राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे आखायला सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, आणि ती दोषी ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची वाट मोकळी केली. दायित्वाचे दार उघडले आहे. मात्र इंग्लंडच्या ५८व्या कलमासारखी, तपासणीचे दप्तर चोख ठेवणाऱ्याला दिलासा देणारी दुसरी बाजू अजून आपल्याकडे घडवली गेलेली नाही. आणि केवळ दंडाच्या भीतीने दप्तर सुधारत नाही, ते लपवले जाण्याचीच शक्यता अधिक.

आपला व्यवहार कायद्याहून वेगळ्या कारणाने बिघडला आहे. आपल्याकडे पदपथाची दुरुस्ती क्वचित होते. होते ती पुनर्बांधणी. दहा फरशा हलल्या म्हणून दहा फरशा बसवल्या, असे सहसा घडत नाही. त्या हलत हलत सबंध रस्ता उखडेपर्यंत थांबायचे, मग निविदा काढून अख्खा पदपथ नवा करायचा, ही रीत. कारण उघड आहे. दहा फरशांच्या कामाला कोनशिला नसते, त्यात ठेकेदाराला रस नसतो आणि ते वेळच्या वेळी करवून घ्यायला पालिकेकडे कायमचा गवंडी, बिगारी उरलेला नसतो. नव्या कामाला मात्र नगरसेवकाच्या निधीपासून केंद्राच्या योजनेपर्यंत सगळीकडून पैसा मिळू शकतो. २००५ मध्ये सुरू झालेली जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना आणि २०१५ची स्मार्ट सिटी योजना या दोहोंचा भर भांडवली कामांवर होता. पुढची देखभाल पालिकेने आपल्या उत्पन्नातून पाहायची होती. लॉस एंजलिसला १९७०च्या दशकात जे भोवले, तेच इथे अनेक शहरांत घडले: अनुदानाने बांधले आणि अनुदान संपताच वाऱ्यावर सोडले. ठेकेदारावर दोषदायित्वाचा काळ असतो खरा, पण त्या काळात दोष शोधून लेखी कळवणारा कोणी हवा. नोंदवही नसेल तर दायित्व असून नसल्यासारखे.

यात बळीचा बकरा केले जाते ते पेव्हर ब्लॉकला. मुंबई-पुण्यात शहाबादी फरशांच्या जागी पेव्हर ब्लॉक आले, ते खचले, निखळले, आणि मुंबई महापालिकेनेही पुढे काँक्रीटकडे मोहरा वळवला. वस्तुतः पेव्हर ब्लॉकइतके दुरुस्तीला सोपे साहित्य नाही. तो चुन्या-सिमेंटने जखडलेला नसतो. खाली दाबून घट्ट केलेला भराव, त्यावर काही सेंटिमीटर वाळूचा सपाट थर, सांध्यांत बारीक वाळू आणि कडेला हलणार नाही असा पक्का कठडा, एवढ्यावर तो उभा असतो. खालची नळवाहिनी दुरुस्त करायची तर ब्लॉक उचलावेत, काम करावे, भराव पुन्हा दाबावा आणि तेच ब्लॉक परत बसवावेत. नेदरलँड्समधल्या शहरांचे पदपथ याच तत्त्वावर चालतात: वाळूवर बसवलेल्या ३० सेंटिमीटर चौरस काँक्रीटच्या फरशा. रॉटरडॅम, गौडा यांसारख्या शहरांची जमीन तर इतकी मऊ, की रस्ते खचणे हा तिथला नेम आहे. म्हणून ठरावीक काळाने फरशा काढून, वाळूची भर घालून पातळी उचलण्याचे काम पालिका नियोजनानेच करतात. साहित्य तेच, निकाल उलटा. आपल्याकडे बिघडते ते भरावात आणि कडेच्या कठड्यात: चर खणला, माती सैल टाकली, वर ब्लॉक मांडले, पहिल्या पावसात सगळे खाली. त्यातच पादचाऱ्यांसाठी बसवलेल्या पातळ ब्लॉकवर मोटारी चढतात. मग दोष ब्लॉकचा ठरतो आणि नव्या साहित्याची नवी निविदा निघते. काँक्रीटचा पदपथ अधिक काळ सपाट राहतो हे खरे, पण त्याखालची केबल किंवा जलवाहिनी बिघडली की तो फोडावा लागतो, आणि फोडलेला भाग पूर्ववत क्वचितच होतो. झाडांचेही हाल होतात. झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीपुरता २०१३ मध्ये दिला होता. गुदमरलेले मूळ वर येऊन पदपथ उचलणारच, हे पाहता तो आदेश पदपथाच्याही भल्याचा होता.

खोदाई हा या प्रश्नाचा सर्वांत दुखरा भाग. पदपथाखाली वीज, पाणी, गॅस, दूरसंचार, सांडपाणी यांच्या वाहिन्या असतात आणि प्रत्येक संस्था आपल्या सोयीने खणते. खणणारा पालिकेकडे शुल्क भरतो, चर बुजवण्याचे काम पालिकेचा वेगळा ठेकेदार करतो, आणि काम खराब झाले तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. ब्रिटनच्या १९९१च्या कायद्याने हा घोळ मिटवण्याचा प्रयत्न केला: खणेल त्यानेच पूर्ववत करायचे आणि त्याची हमी साधारण दोन वर्षे, खोल चर असेल तर तीन वर्षे द्यायची. बेंगळुरूने ‘टेंडरशुअर’ या नावाने वेगळा मार्ग चोखाळला. काही मोजक्या रस्त्यांच्या पदपथांखाली सर्व वाहिन्यांसाठी नळ आणि तपासणीच्या खोल्या करून ठेवल्या, म्हणजे पुढे खणण्याची वेळच येऊ नये. हे रस्ते महाग पडले आणि शहराच्या मध्यवर्ती, सधन भागातच झाले, ही टीका रास्त आहे. शहरातल्या हजारो किलोमीटर रस्त्यांखाली असे नळ टाकणे कोणत्याच पालिकेला एका दमात झेपणार नाही. पण ‘खणेल तो हमी देईल’ या नियमाला जवळपास काहीच खर्च नाही. त्याला फक्त कोणता चर कोणी, कधी खणला याची नोंद लागते. पुन्हा प्रश्न नोंदवहीपाशीच येतो.

इथे पुण्या-चेन्नईच्या अनुभवाचा आक्षेप घेता येईल. चेन्नईने २०१४ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांसाठी धोरण करून वाहतुकीच्या अंदाजपत्रकातला मोठा वाटा त्यांच्याकडे वळवला आणि शंभराहून अधिक किलोमीटर पदपथ नव्याने केले. पुण्याने २०१६ मध्ये रस्तारचनेची मार्गदर्शिका आणि पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ त्यातूनच आले. मग चांगली रचना हाच खरा उपाय नव्हे काय? रचना महत्त्वाची आहे, यात वाद नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२च्या मार्गदर्शिकेने पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असे सांगितले आहे. त्यापेक्षा उंच आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तुटणारा पदपथ दुरुस्त करून तरी किती उपयोगाचा? पण रचनेची मुदत देखभालीनेच ठरते. जंगली महाराज रस्त्याचे कौतुक झाले तसे त्यावर चढणाऱ्या दुचाकींबद्दल आणि सुट्या फरशांबद्दल बोललेही जाऊ लागले. अंधांसाठी बसवायच्या खाचदार पट्ट्यांचे उदाहरण बोलके आहे. जपानी शोधक सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या. आपल्या शहरांतही त्या आता सर्रास दिसतात. मात्र खोदाईनंतर त्याच पट्ट्या उलटसुलट बसल्या, तर त्या काठीने वाट शोधणाऱ्याला थेट खांबाकडे नेतात. रचना चांगली असून देखभाल नसेल, तर ती नुसती निरुपयोगी ठरत नाही, घातकही होते.

दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे: पदपथ दुरुस्त करून काय उपयोग, त्यावर फेरीवाले आणि गाड्याच असणार! यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. गाडी पदपथ मोडते. टोपली मोडत नाही. फेरीवाल्यांचा प्रश्न जागेचा आहे, आणि त्याची चौकट २०१४च्या पथविक्रेता कायद्याने घालून दिली आहे: नगर पथविक्रेता समिती, तीत ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्के मर्यादेपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे तत्त्व. त्याआधी १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हा चालणाऱ्यांसाठी आहे हेही म्हटले आणि त्यावर जगणाऱ्याच्या उपजीविकेचा हक्कही मान्य केला. या दोहोंचा मेळ कारवाईच्या गाडीने बसत नाही. पदपथाच्या नोंदीत चालण्याची मोकळी रुंदी किती आणि विक्रीची आखलेली जागा कोणती हे लिहिलेले असेल, तर अतिक्रमण म्हणजे काय हे आधी ठरते आणि मगच ते हटवता येते. आज ते ठरलेले नसल्यामुळे कारवाई मर्जीवर चालते आणि हप्त्याला वाव मिळतो. अतिक्रमण हे देखभाल न करण्याचे कारण नाही. बऱ्याच अंशी ते देखभाल नसल्याचे लक्षण आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. गरीब देशातल्या पालिकांनी भरपाया देत बसायचे की पाणी पुरवायचे? राजकोट निकालामागेही हीच चिंता होती. पण देखभाल स्वस्त असते आणि पुनर्बांधणी महाग, हे कोणताही अभियंता सांगेल. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधला उंचवटा यंत्राने घासून सपाट करायला लादी फोडून नवी ओतण्याच्या खर्चाचा छोटा अंश लागतो. सुटा ब्लॉक महिन्याभरात बसवला तर शेजारचे वीस वाचतात. दरवर्षी ठरलेली छोटी रक्कम मागितली जाते, तेव्हा ती नव्या खर्चाची मागणी नसते. आज पाच-सात वर्षांनी एकदम केल्या जाणाऱ्या खर्चाचेच ते हप्ते आहेत. दायित्वाच्या बाबतीतही न्यूयॉर्क आणि इंग्लंड यांच्यातला फरक शिकवण देतो. नुसते दायित्व शहराला पळवाटा शोधायला लावते. तपासणी केल्यास बचाव मिळेल अशी जोड दिली, तर ते तपासणी करायला लावते. आपल्या न्यायालयांनी भरपाईची रक्कम ठरवली आहे. आता विधिमंडळाने वाजवी तपासणीचा बचाव लिहून ती चौकट पूर्ण करावी. त्याने पालिकेची तिजोरीही सुरक्षित राहील आणि पादचारीही.

याचा व्यवहारातला अर्थ काय? पहिले म्हणजे प्रत्येक पदपथाची नोंद: लांबी, रुंदी, साहित्य, शेवटची तपासणी, सध्याचे दोष आणि त्याखाली शेवटची खोदाई कोणाची. सिएटल शहराने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांच्या हातात उपकरणे देऊन आपल्या सर्व पदपथांची अशी पाहणी करून घेतली. आपल्या शहरांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही हे काम न झेपण्याजोगे नाही. नुसत्या तक्रारींवर चालणारी व्यवस्था याला पर्याय नाही, कारण मोबाइलवरून तक्रार करणारी वस्ती आणि सर्वांत जास्त पायी चालणारी वस्ती एकच असते असे नाही. दुसरे, प्रत्येक प्रभागात पदपथांचा एकच जबाबदार अभियंता आणि त्याच्या हाताखाली फिरते दुरुस्ती पथक. आज फरशी पथ विभागाची, चेंबरचे झाकण मलनिस्सारणाचे, झाड उद्यान विभागाचे आणि खांब विद्युत विभागाचा; या चौघांच्या मधल्या फटीतच पादचारी अडखळतो. तिसरे, अंदाजपत्रकात देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष, जे नव्या कामांकडे वळवता येणार नाही. आणि क्रम ठरवताना रुग्णालये, शाळा, बसथांबे, रेल्वे स्थानके यांच्या वाटा आधी. दर्शनी रस्ते नंतर. यांतले काहीही परदेशातून जसेच्या तसे उचलायची गरज नाही. अमेरिकी शहरे ज्या सार्वजनिक जबाबदारीकडे आता मोठी किंमत मोजून येत आहेत, ती आपल्या कायद्यात आधीपासून आहे. तिला दप्तर, माणूस आणि पैसा यांची जोड देणे एवढेच बाकी आहे. म्हणून पालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा होईल तेव्हा यंदा किती किलोमीटर नवे पदपथ होणार, हा प्रश्न दुय्यम मानावा. गेल्या वर्षी किती दोष नोंदवले गेले आणि त्यांपैकी किती ठरल्या मुदतीत दूर झाले, हे दोन आकडे मागावेत. ज्या पालिकेकडे ते आकडेच नसतील, तिने गेल्या वर्षी पदपथांची देखभाल केली हे म्हणणे मान्य करण्याचे काही कारण नाही.